दिवसभर पुरणारी गोळी

माझा दादा खाटेवर पडल्या पडल्या बोळ्याचा आवाज ऐकतो. कापसाचा गोळा मलमलीत गुंडाळून आम्ही जो बोळा करतो, तो ओला असला की लाकडावरून मुकाट फिरतो आणि कोरडा पडला की कुरकुरायला लागतो. ही कुरकुर माझ्याआधी दादाला कळते. "कोरडा पडलाय, ठोंब्या," तो डोळेही न उघडता म्हणतो. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. केस पिकले, दोन दाढा गेल्या, बायको मला कंटाळून माहेरी गेली ती तिकडेच राहिली, पण दादाच्या लेखी मी अजून ठोंब्याच.

आम्ही लाकडाला पॉलिश करणारे. आधी वडील, मग दादा, आणि दादाच्या हाताखाली मी. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बोळ्याने एकावर एक हात चढवत जायचं, वीस, पंचवीस, लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत. त्यातला शेवटचा हात दादाचा. चोवीस हात मी मारायचे, पंचविसावा त्याने मारायचा, आणि मग गिऱ्हाईक येऊन म्हणणार, काय हात आहे हो तुमच्या दादांचा! मी तेव्हा मागे उभा राहून फडक्याला बोटं पुसत असायचो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात याचा वाटा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी दादाची पाठ दुखायला लागली आणि दुखतच राहिली. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला, तोही हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की हा आजार बरा होणारा नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल, आणि नीट काळजी घेतली तर दोन वर्षं निघतील. त्या रात्री वहिनीने मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, मला ती दोन वर्षं हवीत. त्यातला एक दिवस कमी झालेला चालणार नाही." माझी वहिनी रडणाऱ्यांतली नाही. टपाल कचेरीच्या खिडकीत बसून तिने भल्याभल्यांना रांगेत उभं केलंय. तिने सांगितलं म्हणजे झालं.

जिना चढवेना म्हणून दादाची खाट खाली कामाच्या खोलीत आणली. स्पिरिटच्या वासाने त्रास होईल असं वहिनी म्हणत होती. "वर काय, नुसतं छत बघत पडू?" दादा म्हणाला. "इथे निदान काम दिसेल." काम दिसेल म्हणजे मी दिसेन आणि माझ्या चुका दिसतील, एवढाच त्याचा अर्थ होता. खाट खिडकीखाली लावली, तिच्याकडे पाठ करून माझं कामाचं टेबल. दिवसभर त्याची नजर माझ्या मानेवर. आजारी माणसाचा राग करू नये म्हणतात. मी करायचो.

दादाला दुखण्यावर जी गोळी दिली होती ती खरं म्हणजे कॅप्सूल, पण आमच्या घरात सगळ्यालाच गोळी म्हणतात. फिकट निळी, आत मोहरीएवढे पांढरे दाणे. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं होतं की त्या प्रत्येक दाण्यावर एक पातळ लेप असतो, त्यातून औषध थोडं थोडं झिरपतं, म्हणून एक गोळी चोवीस तास पुरते. डॉक्टरांनी तर बजावलंच होतं. चावायची नाही, फोडायची नाही आणि दारूचा थेंब नाही.

"का?" दादाने विचारलं होतं.

"नाही म्हणजे नाही, आजोबा," डॉक्टर पुढच्या माणसाचे कागद उघडत म्हणाले.

दादा एकसष्ट वर्षांचा. ते 'आजोबा' त्याला असं झोंबलं की घरी येईपर्यंत तो धुसफुसत होता. "दारूचं नाव काढलं की यांना प्रवचन सुचतं. खोकला झाला, दारू नको. ठेच लागली, दारू नको. पाठ झालंय त्यांना ते." मला लगेच पटलं. मी रोज संध्याकाळी दोन बोटं घेणारा माणूस. असलं बोलणं मला नेहमीच लगेच पटतं.

गोळीने गुण येत होता, पण उशिरा. सकाळी नऊला घेतली की अंगात भिनायला दुपार व्हायची. ते मधले तीन तास वाईट. दादा उशीचा कोपरा दातांत धरून भिंतीकडे तोंड करायचा. ओरडायचा नाही. उशी फाटली तेव्हा वहिनीने दुसरी आणून दिली. डॉक्टरांना फोन करू का, असं मी दोनदा विचारलं. "मंगळवारी जायचंच आहे ना," दादा म्हणायचा, आणि मी गप्प बसायचो. करायला हवा होता फोन. एका फोनचं काम होतं.

एका सकाळी, वहिनी कामावर गेल्यावर, तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "ठोंब्या, लाख कशात विरघळते?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग तर."

"स्पिरिटमध्ये."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात वर्षभर ठेव, तशीच राहील."

"मग?" तो हळूहळू माझ्याकडे वळला. कपाळावर घाम होता, पण डोळे चमकत होते. "दाण्यावर लेप आहे म्हणाल्या ना त्या बाई? लेप म्हणजे लेप. पोटात काय असतं? पाणीच. तो बिचारा उतरणार कधी आणि मला आराम पडणार कधी? लेप कसा उतरवायचा ते त्या डॉक्टरने मला शिकवायचं?"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जीव आला होता, तोही आमच्या धंद्यातल्या गोष्टीने. आम्ही एक गोळी उघडली. थोडे दाणे पाण्याच्या बशीत टाकले आणि थोडे माझ्या बाटलीतल्या दारूच्या बशीत. माझी बाटली स्पिरिटच्या डब्यांमागे असते, हे दादाला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. नवी लाख आणली की तिचा कस पाहतो, तशा त्या दोन बश्या खिडकीत ठेवल्या आणि वाट पाहत बसलो. तासाभराने पाण्यातले दाणे होते तसेच होते, नखाखाली टणक लागत होते. दारूतले मऊ पडले होते आणि भोवती पांढुरकं ढगाळ झालं होतं.

"बघ," दादा म्हणाला.

दिवसभर झिरपायचं ते सगळंच्या सगळं एकदम बाहेर पडलं तर काय, हा प्रश्न आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. डबा उपडा झाल्यावर लाख किती सांडते ते आम्हाला काय माहीत नव्हतं? पण आमचं डोकं लेपावर अडकलं. जन्मभर आम्ही लेपच पाहत आलो. लेपाच्या आत काय आहे हे पाहणं आमचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने त्याला अंग पुसून दिलं, गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी काढून ठेवली आणि ती गेली. दार लागल्याबरोबर दादाने माझ्याकडे पाहिलं.

"दोन बोटं," तो म्हणाला. "जास्त नको. मला काही मैफल भरवायची नाहीये."

मी पाण्याचा पेला उचलून ठेवला आणि दुसऱ्यात दोन बोटं ओतली. माझ्या हाताने. त्याने गोळी जिभेवर ठेवली, पेला रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. बशी धुऊन ठेवावी तसा मी पेला धुऊन ठेवला.

तासभरही गेला नसेल. मी पियानोच्या झाकणावर काम करत होतो. वाद्यांच्या दुकानातून आलेलं, काळंभोर, माणूस आडवा झोपेल एवढं लांब झाकण, टेबलावर भिंतीला तिरकं टेकवलेलं. चोवीस हात झाले होते.

"गेलं," मागून दादा म्हणाला.

"काय गेलं?"

"सगळं."

मी वळून पाहिलं. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मी विसरलोच होतो की हा माणूस असा दिसायचा. तो उताणा पडला होता, महिनोन् महिने त्याला उताणं पडता आलं नव्हतं. तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "शेवटचा हात आज तूच मार."

तीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. आणि ते इतक्या सहज आलं. "नक्की?" असं काहीतरी पुटपुटलो. तो झोपेला आला होता. "मार रे," म्हणाला आणि डोळे मिटले.

शेवटच्या हाताचा नियम एकच. एकदा बोळा टेकवला की तो मधे थांबवायचा नाही. थांबला तर ओल्या लाखेला चिकटतो, खालचे सगळे हात ओढून काढतो आणि तिथे डाग पडतो. लांब, संथ, आठाच्या आकड्यासारखे वळसे घेत जायचं. मी सुरुवात केली. मागे दादा घोरायला लागला. त्याचं घोरणं एरवी करवतीसारखं. हे वेगळं होतं, खोल, नळात हवा अडकल्यावर होते तशी घरघर. गाढ झोप लागली आहे, असं मी म्हटलं. देवाशप्पथ, मला आनंद झाला. वाद्यांच्या दुकानाचा मालक झाकण बघायला दारात आला, तर मी दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

"झोपलेत?" तो कुजबुजला.

"सहा महिन्यांनी," मी कुजबुजलो. तो मान हलवून चवड्यांवर निघून गेला. म्हणजे दोन शहाणीसुरती माणसं त्या खोलीत उभी होती आणि दोघांनीही आवाज होऊ नये म्हणून काळजी घेतली.

काम करताना माझा हात कुठलातरी ताल धरतो. रस्त्यावर कुणी ठोकाठोक करत असेल तर तिचा, पाऊस असेल तर त्याचा. त्या दिवशी त्याने दादाच्या श्वासाचा धरला. श्वास आत, वळसा वर. श्वास बाहेर, वळसा खाली. छान चाललं होतं. इतका संथ, इतका एकसारखा हात मी जन्मात मारला नव्हता. आणखी संथ झाला. आणखी. मग हात वरच्या टोकाला गेला आणि खाली यायची वाट पाहत राहिला.

बोळा चिकटला. ते बोटांना कळलं आणि मी खांदे आक्रसून शिवी ऐकायची तयारी केली. शिवी आली नाही. घरघर नाही, कुरकुर नाही, रस्त्यावरही काही नाही.

मी वळलो नाही. समोर झाकण होतं, आरशासारखं, आणि त्यात मागची सगळी खोली दिसत होती. खिडकी होती. पडदा होता, वाऱ्याने हलत होता. खाट होती. खाटेवर दादा होता आणि त्या काळ्या खोलीत पडद्याशिवाय काहीही हलत नव्हतं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. झाकणातून तो सरळ माझ्याकडे पाहत होता.

मी खाटेशी कसा पोचलो ते आठवत नाही. ओठ जांभळे, नखं जांभळी. डोळ्यांतल्या बाहुल्या पेनाच्या टोकाने ठिपका द्यावा एवढ्याशा. "दादा!" मी गदागदा हलवलं. त्याने एक मोठा श्वास ओढला, घरघरत, आणि पुन्हा सगळं बंद.

रुग्णवाहिकेच्या फोनवर एक बाई होत्या. आवाज तरुण, पण ठाम. मी घड्याळाकडे पाहून सांगितलं की मिनिटाला तीन-चार श्वास आहेत.

"काही औषध घेतलंय?"

मी गोळीचं नाव सांगितलं.

"आणखी काही?"

मी दादाकडे पाहिलं. एवढ्या वेळात दादाचा एक श्वास व्हायला हवा होता, झाला नाही.

"काका, आणखी काही?"

"थोडी दारू."

मग त्या भराभरा बोलायला लागल्या. कुशीवर वळवा. हनुवटी वर करा. झोपू देऊ नका. गाडी निघाली आहे, वीस मिनिटं लागतील. "आणि त्यांना श्वास घ्यायला सांगा. हसू नका, सांगा. ते विसरतायत. मी फोनवर आहे. सांगूनही घेतला नाही तर लगेच मला ओरडून कळवा, तोंडाने कसा द्यायचा ते सांगते."

मी दादाच्या कानाशी वाकलो. "दादा, श्वास घे."

त्याने घेतला.

मी थांबलो. तो थांबला. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, घुसमट नाही, धडपड नाही, हवा हवी आहे असं कुठेही दिसत नव्हतं. "श्वास घे," मी म्हटलं. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा काही नाही. समोर माझा भाऊ होता, ऊबदार, नाडी चालू असलेला, आणि त्याच्या आतलं जे कुणी जन्मापासून न सांगता हे काम करत होतं ते उठून कुठेतरी निघून गेलं होतं. त्याच्या जागी आता मी होतो.

"श्वास घे. घे. दादा, घे."

आयुष्यात मी दादाला कधी काही कर म्हणून सांगितलेलं नाही. चहा घे, एवढंसुद्धा विचारूनच. आता तो मी म्हणेन तेवढाच जगत होता. दहा-बारा मिनिटांनी माझा घसा कोरडा पडला. म्हटलं की घेतो, म्हटलं की घेतो, त्यात काही चुकत नव्हतं. आणि मग मी एकदा थांबलो.

का थांबलो ते मी पुढे डॉक्टरांना सांगितलं, वहिनीलाही सांगितलं. आपणहून घेतो का, ते पाहायला. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. खोलीत भारी शांतता होती. माझ्या मानेवर कुणाची नजर नव्हती. त्याच्या कपाळावर एकही आठी नव्हती. कुणाला काही दुखत नव्हतं आणि कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. मी घड्याळाचा सेकंदकाटा पाहत होतो. तो बारावर होता, मग तीनवर, मग पाचवर. झाकणात आम्ही दोघे दिसत होतो, एक आडवा, एक वाकलेला, आणि मला एवढं स्पष्ट आठवतं की त्या दोघांकडे मी परक्यासारखा पाहत होतो.

"काका?" फोनमधून आवाज आला. "काका, तुमचा आवाज का येत नाही?"

"श्वास घे," मी म्हटलं.

त्याने घेतला नाही.

"दादा, घे!" नाही. मी त्याच्या छातीवर मूठ दाबून किंचाळलो, "घे म्हणतोय ना मी! घे!" आणि मग कुठूनतरी फार लांबून आल्यासारखा तो श्वास आला. त्यानंतर गाडी येईपर्यंत मी एकदाही थांबलो नाही. माणसं आत आली, त्यांनी त्याच्या तोंडावर हवेची पिशवी लावली, मला बाजूला केलं, तरी मी म्हणतच होतो. त्यातल्या एकाने माझा खांदा धरून सांगितलं, "आता पुरे, आम्ही आहोत."

त्यांनी दंडात सुई टोचली. दोनेक मिनिटांत दादाने डोळे उघडले आणि किंकाळी फोडली. सहा महिने उशी चावून गप्प बसलेला माणूस असा ओरडला की रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. सुईने गोळीचा अंमल पुसून टाकला होता. त्याबरोबर आरामही गेला आणि दुखणं सगळं एकदम परत आलं. कुणीतरी टपाल कचेरीत निरोप पोचवला होता; वहिनी कोपऱ्यावरून धावत येताना तिला तो आवाज ऐकू आला. "ओरडतोय," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणजे आहे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाला वास नव्हता, त्याच्या तोंडाला होता. तिला काही विचारावं लागलं नाही.

इस्पितळात अर्ध्या तासाने दादा पुन्हा बुडायला लागला. ओठ पुन्हा निळे. नर्सने धावत जाऊन सलाईनमधून तेच औषध चालू केलं. "सुईचा असर लवकर उतरतो," ती मला म्हणाली. "गोळीचा उरतो. आज रात्रभर आम्ही इथून हलणार नाही." ती खरंच हलली नाही. दर थोड्या वेळाने ती त्याच्या छातीवर हात ठेवायची आणि मी दाराच्या काचेतून तिच्या हाताकडे पाहायचो.

तेव्हा कुठे डॉक्टरांनी मला बसवून नीट सांगितलं, जे त्या दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. ही गोळी दारूत उघडते. दिवसभराचं औषध तासा-दोन तासांत अंगात उतरतं. त्यात दारू आणि हे औषध दोन्ही मेंदूतल्या श्वासाच्या जागेवरच बसतात, एकाने दाबलेलं दुसरं आणखी दाबतं. वर यकृत दारूत गुंतलेलं, ते औषधाचा निचरा करायला मोकळं नाही. "आम्ही उगाच नाही म्हणत नाही हो," ते म्हणाले. मला खूप काही बोलायचं होतं. का ते सांगितलं असतंत, तर माझा भाऊ जगात सगळ्यांत आधी समजला असता, एवढं तरी. पण बाटली माझी होती. मी मान खाली घातली.

पाचव्या दिवशी दादा घरी आला. औषध बदलून दिलं होतं, मधल्या वेळात दुखलं तर घ्यायची वेगळी गोळीही होती. म्हणजे ते तीन तास मुळात टाळता येण्यासारखे होते. वहिनीने सगळ्या गोळ्या एका डब्यात घातल्या, डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मला?" मी म्हटलं.

"तुम्हालाच. बाटली कुणाची होती ते मी विचारणार नाही, भाऊजी. गोळी आता रोज तुम्ही द्यायची. मी घरात नसताना." तिचा आवाज एकदाही वर गेला नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर मी किल्ली लावली. दादा उशीला टेकून बसला होता. फार अशक्त झाला होता, पण डोळे नेहमीचे होते.

"ऐकू येत होतं मला," तो म्हणाला.

"काय?"

"सगळं. तू, फोनवरची ती बाई. लांबून, पण येत होतं. दुखत काही नव्हतं. मजेत होतो मी. तू श्वास घे म्हणालास की वाटायचं, अरे हो, ते राहिलंच. मग घ्यायचो."

मी डब्यात बोटं घालून गोळी शोधत राहिलो. डब्यात एकच पाकीट होतं.

"मधे एकदा थांबलास तू."

"पाहत होतो," मी म्हटलं, "आपणहून घेतोस का."

त्याला राग आला होता असं मला वाटत नाही. आला असता तर मी ओळखला असता.

"मीही पाहत होतो," तो म्हणाला, "तू म्हणतोस का."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि त्यानेही तिकडे लक्ष दिलं नाही. मी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याने पेला नाकाशी नेऊन वास घेतला, मग गोळी गिळली. मी खाटेच्या कडेला बसून त्याच्या छातीकडे पाहत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.